बिनतुपाचं शास्त्र

महिपती खिल्लारे डॉक्टर नव्हते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण बोपोडीत हे कोणी सांगत नसे आणि खुद्द महिपती तर मुळीच सांगत नसत. पाषाणच्या बाजूला एक संशोधन संस्था आहे, तिथे ते प्रयोगशाळेत मदतनीस होते. अंगातला पांढरा कोट संस्थेतच काढून ठेवायचा, असा तिथला नियम. महिपती तो धुवायच्या निमित्ताने घरी आणत, तोही पिशवीत न घालता, हातावर टाकून, बसमधल्या सगळ्यांना दिसेल असा. वस्तीने तो कोट पाहिला आणि त्यांना डॉक्टर म्हणायला सुरुवात केली. पहिल्यांदा कोणी म्हणालं तेव्हा त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं. पुढच्या वेळी नुसते हसले. त्यानंतर कोणीतरी "डॉक्टर, जरा बघता का?" म्हणून हाक मारली तेव्हा ते "बोला" म्हणाले, आणि विषय तिथेच संपला.

संध्याकाळी त्यांच्या दारात लोक रिपोर्ट घेऊन उभे राहत. कोणाची साखर, कोणाचं थायरॉइड, कोणाच्या पोटाची सोनोग्राफी. महिपती चष्मा लावून कागद वरपासून खालपर्यंत वाचत, मधेच "हं" म्हणत, आणि शेवटी कागदाची घडी करून परत देत. "एकदा दाखवून घ्या," एवढंच त्यांचं निदान असे. लोक समाधानाने जात, दुसऱ्या दिवशी खऱ्या डॉक्टरला दाखवत, आणि बरं वाटलं की श्रेय मात्र महिपतींना देत. नेहमी दाखवून घ्याच म्हणत असल्यामुळे त्यांची विद्या इतकी वर्षं कोणाला बाधली नाही.

हिंगोली जिल्ह्यात कळमनुरीजवळच्या एका खेड्यातून बारावी झाल्यावर ते पुण्यात आले होते. संस्थेत आधी काचेची भांडी धुतली. मग कोणीतरी त्यांच्या हाताचा स्थिरपणा हेरला आणि त्यांना काप काढायला बसवलं. आजारी फुफ्फुसाचा औषधात मुरवलेला तुकडा मेणात बसवायचा आणि यंत्राच्या पात्यावर त्याचे इतके पातळ काप काढायचे, की फुंकर मारली तर उडून जावेत. ते काचेच्या पट्टीवर घ्यायचे, रंगवायचे आणि मॅडमच्या टेबलावर ठेवायचे. पुढचं पाहणं, लिहिणं, परदेशात जाऊन सांगणं हे मॅडमचं काम. या कामात महिपतींचा हात धरणारं संस्थेत कोणी नव्हतं, आणि ते त्यांना पुरेपूर ठाऊक होतं.

मॅडम म्हणजे डॉ. भाग्यश्री आगाशे. क्षयरोगावर त्यांचं काम चालत असे. स्वभावाने चांगल्या बाई, मदतनिसांना हाताखालचं न समजणाऱ्या. एके दिवशी त्यांनी महिपतींना बोलावून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं आणि समजावून दिलं. टीबीचा जंतू फुफ्फुसात शिरला की शरीराच्या पहारेकरी पेशी त्याला गिळतात. गिळून मारायचं, हेच त्यांचं काम. पण हा जंतू गिळला जाऊनही मरत नाही. उलट त्या पेशीचा कारभार असा काही बिघडवतो, की तिच्या आत चरबीचे थेंब साठत जातात. पेशी फुगते, सुस्तावते, आणि जंतू त्याच चरबीवर गुजराण करत वर्षानुवर्षं आत बसून राहतो. नेहमीच्या पद्धतीने कापलं तर रसायनांत ती चरबी विरघळते आणि थेंबांच्या जागी नुसती भोकं उरतात. पेशी अनारशासारखी जाळीदार दिसते. चरबी जागेवर राहायला हवी असेल तर तुकडा मेणात न घालता गोठवून कापावा लागतो. मग लाल रंग दिला की पेशीभर तांबडे ठिपके उमटतात. महिपतींनी रंगवलेल्या पट्टीवर ते ठिपके लखलखीत उठले होते.

"बघा खिल्लारे," मॅडम हसून म्हणाल्या, "चोराला धरायला ठेवलेला पहारेकरीच चोराला घरपोच डबा देतोय."

हे वाक्य महिपतींच्या मनात जाऊन बसलं. इतकी वर्षं ते ज्याचे काप काढत होते त्याचा अर्थ पहिल्यांदाच कोणीतरी त्यांना त्यांच्या भाषेत सांगितला होता. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी बायकोला, पंचशीलाबाईंना, त्या भाकरी थापत असताना सगळं समजावून दिलं. मग शेजारी सांगितलं. मग विहारात सांगितलं. सांगताना त्यात त्यांनी आपल्या पदरची एक भर घातली. डबा पोचतो म्हणून जंतू जगतो, तर मग डबाच तोडायचा. किल्ला लढून पडत नाही, रसद तोडली की आपोआप पडतो. पुण्यात रसदीचा दाखला दिला की ऐकणाऱ्याची मान आपोआप हलते.

विज्ञानदिनाला संस्था लोकांना खुली असते. शाळांच्या सहली येतात, निवृत्त मंडळी येतात. मॅडमनी त्या वर्षी चरबीच्या पेशींचं टेबल मांडलं आणि मदतीला महिपतींना उभं केलं. सकाळभर मॅडम बोलल्या, दुपारी चहाला गेल्या, तेवढ्यात एक बाई आल्या. त्यांनी महिपतींकडून डबा ऐकला, रसदही ऐकली, आणि सरळ विचारलं, "म्हणजे टीबीच्या पेशंटला तूपबीप द्यायचं नाही का?"

हा प्रश्न महिपतींना त्याआधी पडला नव्हता. 'मॅडम आल्या की विचारा' एवढं म्हणाले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण समोरच्या बाईंनी त्यांना सर म्हटलं होतं, अंगात कोट होता आणि मागे फळ्यावर पेशीचं रंगीत चित्र होतं.

"अर्थातच," महिपती म्हणाले. "तूप, तेल, साय, शेंगदाणे. सगळं बंद."

बाई आभार मानून गेल्या. त्यांच्या घरी कोण आजारी होतं, होतं की नव्हतं, हे कोणाला कधी कळलं नाही. मॅडम चहाहून परत आल्यावर महिपतींनी ही गोष्ट त्यांच्या कानावर घातली नाही, आणि यात लपवण्यासारखं काही आहे असंही त्यांना वाटलं नाही. माणसाचं असं होतं. एखादी गोष्ट आपण ठासून सांगितली की ती आपल्याला कोणीतरी सांगितलेली वाटू लागते. वर्षभरात महिपतींच्या लेखी तो मॅडमचाच शोध झाला होता.

त्यांची धाकटी बहीण हिरा गावाकडेच होती. नवरा गेलेला, स्वतः अंगणवाडीत मदतनीस, आणि एकुलती एक मुलगी दीक्षा. ही दीक्षा पदवी घेऊन स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात आली होती. सदाशिव पेठेतल्या एका खोलीत चौघीजणी, दिवसभर अभ्यासिका आणि दोन वेळची मेस. मामाकडे राहा म्हटलं तर जाण्यायेण्यात वेळ जातो म्हणाली. बुद्धपौर्णिमेला ती बोपोडीला आली तेव्हा विहारात वंदना चालू असताना मागच्या रांगेत कोणीतरी सारखं खोकत होतं. महिपतींनी वळून पाहिलं तर ती दीक्षाच होती, आणि तोंडावर धरलेल्या ओढणीतून तिच्या मनगटाचं हाड दिसत होतं.

इथपर्यंत महिपतींनी केलं ते शंभर टक्के बरोबर केलं, हे त्यांच्या बाजूने लिहायलाच हवं. ते तिला दुसऱ्याच सकाळी महापालिकेच्या दवाखान्यात घेऊन गेले. थुंकी तपासली, एक्स-रे काढला. दोन्ही फुफ्फुसांत टीबी निघाला. नेहमीच्या गोळ्या लागू पडतील असा होता, एवढी एक बरी बातमी. महिपतींनी खोलीवरचं तिचं सामान हलवलं आणि तिला घरी आणलं. हिराला फोन करून सांगितलं, की घाबरू नकोस, हा आजार माझ्या रोजच्या हाताखालचा आहे. हिरा रडत होती ती थांबली. पोरीला पुण्यात पाठवलं याचं तिला आयुष्यात पहिल्यांदाच बरं वाटलं असेल, कारण तिथे दादा होता.

गोळ्या महिपती स्वतःच्या डोळ्यांसमोर देत. खिडक्या उघड्या, तोंडाला मास्क, सकाळचं ऊन. या सगळ्यात कसूर नाही. पण पहिल्याच दिवशी त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन तुपाची बरणी वरच्या फळीवर टाकली. दीक्षाचं जेवण वेगळं शिजेल, म्हणाले. वरण बिनफोडणीचं, भाजी उकडलेली, पोळी कोरडी, दूध साय काढून पाणी घातलेलं, अंड्याचं पांढरं तेवढं. शेंगदाण्याचा कूट घरातूनच हद्दपार. पंचशीलाबाई अनेक वर्षांच्या संसारात नवऱ्याशी फारशा भांडल्या नव्हत्या, पण त्या दिवशी त्यांनी तोंड उघडलं.

"माझ्या भावाला टीबी झालता तेव्हा आईनं त्याला पायाचं सूप पाजलं, रोज दोन अंडी घातली. माणूस धडधाकट आहे अजून."

महिपती रागावले नाहीत, हसले. जुन्या लोकांना आतलं दिसत नव्हतं म्हणून ते अंधारात बाण मारत होते, असं त्यांनी समजावलं. भाऊ गोळ्यांनी बरा झाला, सूप असूनही झाला. पंचशीलाबाईंना हे पटलं नाही. पण शाळा सातवीवर सुटलेल्या बाईने लाल ठिपके पाहिलेल्या माणसापुढे काय बोलायचं? तरी एकदा नवरा कामावर गेल्यावर त्यांनी गरम भातावर चमचाभर तूप सोडून ताट दीक्षापुढे ठेवलं. दीक्षाने ताटाकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं, आणि मामी नको, मामांनी नको म्हणून सांगितलंय, म्हणत भात बाजूला सारला. संध्याकाळी पंचशीलाबाईंनी हे न राहवून नवऱ्याला सांगितलं, तर महिपतींना भरून आलं. पोरगी शिकलेली आहे, म्हणाले, तिला शास्त्र कळतं.

हिराने ट्रॅव्हल्सच्या गाडीने घरचं तूप आणि तिळाचे लाडू पाठवले. महिपतींनी ते शेजारी वाटून टाकले आणि फोनवर बहिणीला अर्धा तास रसदीचं सगळं शास्त्र सांगितलं. हिरा रोज दुसऱ्यांच्या लेकरांना शिजवून घालणारी, त्यांना काट्यावर उभं करून वजन बघणारी बाई. तिला हे नवल वाटलं. पण दादा म्हणतो म्हणजे असेल, असं म्हणून तिने पुढे काही पाठवलं नाही.

महिनाभराने दवाखान्यात वजन केलं तर ते वाढायच्या ऐवजी उतरलं होतं. तिथला डॉक्टर तरुण होता, साताऱ्याकडचा. त्याने दीक्षाला विचारलं, भूक लागते का? ती म्हणाली, लागते. मग खा ना, तो म्हणाला. अंडी खा, दूध पी, शेंगदाण्याचा लाडू खा, मटण परवडत असेल तर तेही खा, टीबीच्या माणसाला पथ्य म्हणून काही नाही. गोळ्या जंतू मारतील, पण अंगात काही असल्याशिवाय शरीर उभं कसं राहणार? दीक्षा मान खाली घालून बसली होती. महिपती शेजारीच होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर मोठ्या माणसाचं समजूतदार हसू होतं. बाहेर गर्दी खोळंबली होती, डॉक्टरने पुढचं नाव पुकारलं.

रिक्षात बसल्यावर महिपती दीक्षाला म्हणाले, "यांनी पुस्तकं वाचलीत. मी पेशी पाहिल्यात."

दीक्षा काही बोलली नाही. महिपतींना ते पटल्यासारखं वाटलं.

पोरगी दिवसेंदिवस वाळत गेली. खोकला कमी झाला होता, ताप उतरला होता, त्यामुळे महिपतींचा हुरूप वाढला. वस्तीत कोणी विचारलं तर ते सांगत, की जंतू उपाशी मरायला लागलाय, त्याची लक्षणं आहेत. पण जंतूच्या आधी भलतंच कोणी उपाशी मरत होतं, आणि ते त्या घरात सगळ्यांना दिसत होतं, एका डॉक्टरांना सोडून. दीक्षाला जिना चढवेना. पुस्तक मांडीवर धरून बसायची तर ते घसरून पडायचं. पंचशीलाबाईंनी तिचे केस विंचरले की फणीभर केस यायचे. बाई स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायच्या आणि परत येऊन कोरड्या पोळीचा घास करून तिला भरवायच्या. राग येतो तो याचा. त्या घरात प्रेमाला तोटा नव्हता. महिपती तिच्यासाठी चांगली मोसंबी शोधत फिरत, तिच्या अंथरुणाजवळ बसून तिला इतिहासाचे प्रश्न विचारत. त्यांच्याइतकी काळजी सख्ख्या बापानेही घेतली नसती. नुसतं 'अर्थातच' म्हणण्याची खोड तेवढी नसती, तर हा माणूस जीव ओवाळून टाकावा असा होता.

पावसाळा सरता सरता तिला दम लागू लागला. सरकारी रुग्णालयात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दीक्षाच्या दंडाला बोटांचा वेढा घातला, बोटं सहज जुळली. या मुलीला जेवायला देत होता ना, असं त्यांनी विचारलं. महिपती म्हणाले, वेळेवर, वेगळं शिजवून. चार-पाच दिवस झुंज देऊन एका दुपारी दीक्षा गेली. दोन्ही फुफ्फुसं खराब होती, त्यात अंगात त्राण नव्हतं, साधा जंतुसंसर्ग झाला तोही पेलला नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. नीट खाल्लं असतं तर वाचली असती का, याचं छातीठोक उत्तर कोणाकडेच नाही. कदाचित वाचली असती. कदाचित नसतीही. या 'कदाचित'च्या आडोशाला महिपतींना उरलेलं आयुष्य आरामात काढता आलं असतं.

पण डॉक्टरीणबाईंची ती जुळलेली बोटं त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेनात. सांत्वनाला येणारी माणसं थोडी कमी झाल्यावर ते कामावर गेले आणि सगळ्यांत आधी मॅडमच्या खोलीत गेले. मॅडमनी बातमी ऐकली होती. त्यांनी खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. महिपती बसले नाहीत.

"मॅडम, टीबीच्या पेशंटनं तूप खाल्लं तर ते जंतूला मिळतं ना?"

मॅडमना आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला, आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या सावकाश बोलत गेल्या. ताटातल्या तुपाचा आणि पेशीतल्या चरबीचा तसा सरळ संबंध नाही. जंतू पेशीला तसं वागायला लावतो, ती मिळेल त्यातून चरबी साठवते. माणूस उपाशी असला म्हणून ती साठवायची थांबत नाही. उपाशी ठेवून त्रास जंतूला होत नाही, माणसाला होतो, आणि पहारेकरी आधी गळून पडतात. उलट टीबीच्या माणसाचं वजन सुरुवातीलाच वाढलं तर तो वाचण्याची शक्यता वाढते, हे आता सगळ्यांना माहीत आहे.

"पण तुम्ही डबा म्हणालात," महिपती म्हणाले.

"ती बोलायची पद्धत होती, खिल्लारे." मॅडम म्हणाल्या. "तुम्ही मला विचारलं का नाही?"

याचं उत्तर महिपतींकडे होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं. विचारायला गेलो असतो तर मला माहीत नाही हे कबूल करावं लागलं असतं. ते तसेच वळून आपल्या जागेवर गेले. त्या दिवशी त्यांना एकही काप धड काढता आला नाही, पात्यावर नुसता मेणाचा चुरा होत राहिला. मॅडमनी मात्र पुढच्या विज्ञानदिनाच्या भाषणातून डबा काढून टाकला, असं म्हणतात. सावधपणा चांगलाच असतो, पण ज्याच्यासाठी आला त्याच्या उपयोगाचा राहिलेला नसतो.

दीक्षासाठी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम बोपोडीच्या विहारात झाला. हिरा गावाहून येऊन राहिली होती. भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं, सूत्रपठण झालं, आणि मग रिवाजाप्रमाणे मंडळी एकेक करून दोन शब्द बोलायला उठली. धोंडिबा पाईकराव नावाचे वस्तीतले जुने कार्यकर्ते बोलायला उठले, की श्रोते भिंतीला टेकून बसतात. त्यांनी दीक्षाच्या हुशारीबद्दल थोडं सांगितलं आणि लगेच महिपतींकडे वळले. डॉक्टर खिल्लारे साहेबांनी भाचीची शास्त्रशुद्ध पद्धतीने सेवा केली, म्हणाले. आपल्या समाजात लोक अजून गंडेदोरे करतात, पण साहेबांनी आधुनिक विज्ञानाच्या आधारे आहार ठरवला, चमचाभर तूपसुद्धा मोजून बंद केलं. समाजाने हा आदर्श घ्यावा. लोकांनी माना हलवल्या. समोरच्या रांगेतल्या एका म्हातारीने शेजारणीला हळूच विचारलं, की तूप वाईट असतं का गं? शेजारीण म्हणाली, डॉक्टर सांगतात म्हणजे असणार. त्या म्हातारीचा नातू टीबीच्या गोळ्या खातो, हे महिपतींना ठाऊक होतं.

ते उठले. त्यांनी हात जोडून धोंडिबांना थांबवलं आणि म्हणाले, की मी डॉक्टर नाही, मी कापाकापीच्या खोलीतला मदतनीस आहे. तूप बंद केलं ते चुकीचं केलं. टीबीच्या माणसाला सगळं खायला घाला, मी सांगितलेलं ऐकू नका. मग धोंडिबा पुढे आले, त्यांनी महिपतींच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना उद्देशून म्हणाले, की दुःखात माणूस स्वतःला दोष देतो, हा साहेबांचा मोठेपणा आहे. लोकांना ते एकदम पटलं. एकदोघांनी डोळे पुसले. महिपतींनी आयुष्यात पहिल्यांदा सगळं खरं सांगितलं होतं आणि ते कोणी घ्यायला तयार नव्हतं.

सगळी पांगल्यावर हिरा मागच्या पायऱ्यांवर बसली होती. शेजारी तिची पिशवी होती, संध्याकाळच्या गाडीने ती परत जाणार होती. महिपती खालच्या पायरीवर जाऊन बसले.

"दादा, तू ते तिथं बोललास ते खरं का उगं?" हिराने विचारलं.

महिपतींनी खरं म्हणून सांगितलं. मग मॅडमचं सांगणं, विज्ञानदिनाची ती बाई, साताऱ्याचा डॉक्टर, सगळं सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. हिरा आरडाओरडा करील, कपाळ बडवून घेईल, अशी त्यांनी तयारी ठेवली होती. तिने तसं काही केलं नाही.

"तिनं मागितलं होतं का कधी?" ती म्हणाली. "तूप, साय, कायबी?"

"नाही," महिपती घाईने म्हणाले. हे एकच उत्तर त्यांच्यापाशी असं होतं, की जे द्यायला त्यांना लाज वाटत नव्हती. "एकदाही नाही. तिचा माझ्यावर फार विश्वास होता, हिरा. शेवटपर्यंत होता."

हिराने मान वळवून भावाकडे पाहिलं.

"तिला ताटात साय लागायची. घरी नाही दिली की भांडायची माझ्याशी. बापाशी भांडायची, तो आजारी होता तवाबी. लहानपणी एकदा पंगतीत वाढप्याचा हात धरून ठेवला होता तिनं, अजून तूप वाढ म्हणून. मागितल्याबिगर राहिलेलं लेकरू नव्हतं ते कधी. तुझ्या घरी मागितलं नाही, म्हणजे भेत होती तुला."

भाताचं सारलेलं ताट, रिक्षात गप्प बसलेली दीक्षा, तिची खाली घातलेली मान, हे सगळं महिपतींनी आजवर विश्वास म्हणून जपून ठेवलं होतं.

हिरा उठली आणि तिने पिशवी उचलली. स्टँडवर पोचवायला महिपतीही उठले, तेव्हा ती त्यांना थांब म्हणाली आणि आत जाऊन पंचशीलाबाईंना सोबत चल म्हणाली.